पळालेली गाडी

वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात दोन आकडे सतत कानावर पडतात, मायलेज आणि रनिंग. मायलेज म्हणजे लिटरमागे पडणारे किलोमीटर. रनिंग म्हणजे गाडी आजवर एकूण किती पळाली. पहिला आकडा मोठा असला की गिऱ्हाईक खूश, दुसरा मोठा असला की त्याचा चेहरा उतरतो. लाखाच्या आत रनिंग असलेली एसयूव्ही हातोहात जाते, दीड लाखाची उन्हात उभी राहते आणि दोन लाखांपुढची दाखवताना विकणाराच आवाज खाली आणतो. बेताच्या पैशांत सात माणसे, त्यांचे सामान आणि वर आंब्याची एखादी पेटी नेणारी गाडी हवी असेल, तर शोध याच शेवटच्या रांगेत घ्यावा लागतो. तिथे भाव पडलेला असतो. गाडीही पडलेली असते असे नाही.

पनवेलमध्ये ही रांग लांब आहे, कारण गावाची जागाच तशी आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग कळंबोलीला सुरू होतो आणि ९४.५ किलोमीटरांवर किवळ्याला संपतो. २००२ मध्ये तो पूर्ण खुला झाला. गोव्याचा रस्ता, पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग १७ आणि आताचा ६६, पळस्प्याहून फुटतो. जुना मुंबई-पुणे रस्ता इथूनच खोपोलीकडे जातो, सायन-पनवेल महामार्ग मुंबईच्या नोकरदारांना सकाळी नेतो आणि रात्री आणून सोडतो, आणि उरणच्या बंदराचे कंटेनर या सगळ्यांत मिसळतात. कामोठे, खांदा कॉलनी, करंजाडे इथल्या पुष्कळ घरांचे मूळ गाव घाटावर किंवा तळकोकणात. गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात गाडी भरून गावी निघते. शिवाय सिडकोच्या साडेबारा टक्के योजनेत भूखंड मिळालेल्या गावांतून दारात स्कॉर्पिओ उभी करणे हा नुसत्या सोयीचा प्रश्न उरलेला नाही. नवी आली की जुनी निघते. निघते तेव्हा तिच्या अंगावर या सगळ्या रस्त्यांचे किलोमीटर असतात, आणि ते किलोमीटर एका जातीचे नसतात.

मीटर अंतर मोजतो, वेळ मोजत नाही. द्रुतगती मार्गावर ताशी सरासरी ६० किलोमीटरने दोन लाख पूर्ण करणाऱ्या गाडीचे इंजिन साधारण ३,३०० तास चाललेले असते. तेच दोन लाख शहरात ताशी सरासरी २० ने झाले, तर इंजिनाचे तास भरतात १०,०००. मीटरवर आकडा एकच, इंजिनाचे काम तिप्पट. महामार्गावरच्या तासांत इंजिन एका तापमानाला स्थिरावलेले असते, तेलाचा दाब सलग असतो, गिअर पाचवा आणि क्लचला सुट्टी. कळंबोली सर्कलला सकाळी अडकलेल्या गाडीत अर्ध्या तासात जितक्या वेळा क्लच दाबावा लागतो, तितक्या वेळा घाट मोकळा असताना तो पुण्यापर्यंतही दाबावा लागत नाही. इंजिनाची मोठी झीज थंड इंजिन सुरू होताना, तेल वरच्या भागांपर्यंत पोचण्याआधीच्या क्षणांत होते. शाळा, बाजार, स्टेशन अशा दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारणारी गाडी हा त्रास रोज चार-पाच वेळा सोसते आणि नीट तापायच्या आत बंद होते. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत यात आणखी एका गोष्टीची भर पडली. धुरातली काजळी अडवणारा फिल्टर लांब पल्ल्याला तापून आपोआप साफ होतो, छोट्या फेऱ्यांत तुंबतो. रोज पनवेल-पुणे करणाऱ्या माणसाची दोन लाखांची गाडी म्हणूनच कामोठ्यातल्या कामोठ्यात फिरलेल्या ८० हजारांच्या गाडीपेक्षा पुष्कळदा तरुण निघते.

कमी रनिंगच्या गाडीकडे त्यामुळे थोड्या संशयानेच पाहावे. अकरा वर्षांची डिझेल एसयूव्ही आणि मीटरवर ६२,००० हा हिशोब दिवसाला १५ किलोमीटरचा होतो. पेट्रोलपेक्षा जादा पैसे मोजून डिझेल गाडी घेणारा माणूस रोज १५ किलोमीटरसाठी ती घेत नाही. मग एक तर गाडी नुसती उभी राहिली, किंवा मीटर मागे गेला. उभी राहिलेल्या गाडीचे टायर वयाने कडक होतात, रबरी सील सुकतात, ब्रेक चिकटतात आणि बोनेटखाली उंदीर वायरिंग कुरतडून संसार थाटतात. मीटर मागे गेला असेल, तर तो कुठे तरी साक्षीदार सोडून जातो. आकडे डिजिटल झाल्यापासून हे काम लॅपटॉपवर होते, स्क्रू-ड्रायव्हरची गरज उरलेली नाही. पण चालकाचे दार उघडले की खांबावर, सीटच्या पट्ट्याच्या जोडाशेजारी, तेल बदलणाऱ्याने चिकटवलेला कागद कधी कधी तसाच असतो. बॉलपेनची शाई उडालेली, एक कोपरा उचललेला, त्यावर ‘पुढील ऑइल १,४२,०००’. समोर मीटर ८८,००० दाखवत असतो. विकणाऱ्याने सीट कव्हर नवे घातलेले असते, स्टिअरिंगला लेदरची शिवण मारलेली असते, पेडलची रबरे बदललेली असतात, आणि हा चार बोटांचा कागद काढायचा राहून जातो. तो नसला, तरी ज्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी जात होती तिथे चासी नंबरवरून जुन्या नोंदी निघतात, आणि प्रत्येक जॉबकार्डावर त्या दिवशीचा मीटर लिहिलेला असतो. आकडे चढत गेलेले दिसले की पुरे. मध्येच तीन वर्षांची पोकळी दिसली, तर त्या तीन वर्षांत गाडी कुठे होती हे विचारायचे असते.

कोणती गाडी शोधायची, हा पुढचा प्रश्न. महाराष्ट्र हे अशा मोठ्या गाड्यांचे माहेर आहे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत महिंद्रांनी माझगावात विलीज जीप जोडायला घेतल्या. पिंपरीच्या टाटांनी १९९४ मध्ये सुमो आणली. तिचे नाव जपानी पैलवानांवरून घेतलेले नाही, ते कंपनीचे प्रमुख राहिलेल्या सुमंत मुळगावकरांवरून आले. मुळगावकरांमधला ‘मु’ इंग्रजी स्पेलिंगच्या वाटेने ‘मो’ झाला. त्याच घरातली सफारी १९९८ ची. महिंद्रांची बोलेरो २००० मध्ये आली, नाशिकच्या कारखान्यातली स्कॉर्पिओ २००२ मध्ये. कर्नाटकातल्या बिडदीहून टोयोटाने २००० मध्ये क्वालिस आणि २००५ मध्ये इनोव्हा पाठवली. इनोव्हा काटेकोरपणे एसयूव्ही नव्हे, पण बाजारात ती याच गाड्यांच्या शेजारी उभी असते, आणि तीन लाख पळालेल्या इनोव्हाची चाल पाहून कोणी फारसे दचकत नाही. भावही तसाच चढा असतो. पाच लाखांच्या आत चांगली इनोव्हा शोधणाऱ्याच्या हाती बहुधा टूरवर झिजलेली गाडीच लागते.

कमी पैशांत जास्त पळालेली गाडी घ्यायची, तर सगळ्यांत कमी जोखीम बोलेरोत आहे. शिडीसारखी चासी, तिच्यावर वेगळी बसवलेली बॉडी, मागच्या चाकांना चालना, मागे कमानीचे पाटे आणि जुन्या मॉडेलांत मोजकेच इलेक्ट्रॉनिक्स. पाटा तुटला तर पेणलाही बदलून मिळतो आणि पोलादपूरलाही. कित्येक वर्षे देशात सर्वाधिक खपलेली एसयूव्ही असल्याने तिचे सुटे भाग किराणा मालासारखे मिळतात. बसायला ती आरामशीर नाही, मागच्या आडव्या बाकांवर खेडपर्यंत गेलेला पाहुणा पुढच्या वेळी एसटी धरतो, आणि द्रुतगती मार्गावर तिला शंभराच्या पुढे ताणणे तिच्याही जिवावर येते. स्कॉर्पिओ ताकदीने आणि रुबाबाने वरचढ, पण ती अनेकदा तरुण हातांत राहिलेली असते. मागच्या काचेवर कोणाचे नाव होते, सायलेन्सर बदलला होता का, टायर बाहेर येतील इतके रुंद घातले होते का, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. रेनोची डस्टर २०१२ मध्ये आली ती वेगळ्या बांधणीची. तिची बॉडी हीच तिची चासी, त्यामुळे खड्ड्यांत ती मोठ्या भावंडांपेक्षा शांत चालते. मारुतीची व्हिटारा ब्रेझा २०१६ ची, आणि तिचे १.३ लिटरचे डिझेल इंजिन इतक्या वेगवेगळ्या गाड्यांत बसले आहे की ते न उघडलेला मिस्त्री सापडणे कठीण. जनरल मोटर्सने २०१७ अखेर देशातली विक्री थांबवली, फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथले उत्पादन बंद करण्याची घोषणा केली. या गाड्या स्वस्त पडतात, आणि ज्याच्या ओळखीत त्यांचा जाणता मेकॅनिक आहे त्यानेच ती स्वस्ताई घ्यावी.

जुन्या गाडीच्या बाबतीत एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. चालकासाठी एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. त्याआधीच्या खालच्या व्हेरियंटमध्ये ती नसते, एबीएसही पुष्कळदा नसते. पत्रा जाड आहे म्हणून गाडी सुरक्षित, ही समजूत बाजारात फार पक्की आहे, आणि ती चुकीची आहे. थोडे पैसे वाढवून वरचे व्हेरियंट मिळत असेल, तर अलॉय व्हीलसाठी नव्हे, या दोन गोष्टींसाठी ते घ्यावे.

इंजिनात आणखी एक फरक बाहेरून दिसत नाही, पण खिशाला कळतो. काही इंजिनांत कॅमशाफ्ट फिरवायला रबरी टायमिंग बेल्ट असतो, काहींत धातूची साखळी. जुन्या इनोव्हाचे अडीच लिटरचे आणि डस्टरचे दीड लिटरचे डिझेल इंजिन बेल्टवाले, ब्रेझाचे साखळीवाले. बेल्टला कंपनीने अंतर ठरवून दिलेले असते आणि त्या अंतरावर तो बदलायचाच असतो. तुटला तर वॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि हेड उघडावे लागते. दोन लाख पळालेल्या गाडीचा बेल्ट केव्हा बदलला, या प्रश्नाला बिल हेच उत्तर. ‘बदललाय हो, मीच बदलला’ हे उत्तर आले की बेल्टचा खर्च किमतीतून वजा करून बोलावे.

इंजिनाचा निम्मा निकाल थंड सुरुवातीला लागतो. गाडी पाहायला सकाळी लवकर जावे आणि आधी कळवताना ‘सुरू करून ठेवू नका’ असे सांगावे. पोचल्यावर पहिला हात बोनेटवर. कोमट लागले तर परत जाऊन दुसऱ्या दिवशी यावे. एवढा खडूसपणा इथे शोभतो. थंड असले तर चावी फिरवून मागे उभे राहायचे. पहिल्या सेल्फला इंजिन उचलते की रेटत राहते, हे ऐकू येतेच. थंडीत थोडा पांढरा धूर सुरुवातीला येऊन विरला तर काही बिघडत नाही. निळसर धूर राहिला तर तेल जळते आहे. अॅक्सिलरेटर दाबल्यावर काळा लोट आला तर नोझल, टर्बो किंवा नुसता एअर फिल्टरही कारण असू शकतो. मग गाडी चालू ठेवून तेलाचे झाकण सैल करतात. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील, तर ज्वलनाचे वायू खाली उतरून तिथून भस्सकन बाहेर येतात, झाकण उडू पाहते आणि डिपस्टिकच्या नळीतून तेलाचे शिंतोडे येतात. गॅरेजच्या भाषेत याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. हा शब्द मिस्त्रीच्या तोंडून निघाला की किमतीची बोलणी तिथेच थांबवायची, कारण पुढचा शब्द ‘हाफ इंजिन’ किंवा ‘फुल इंजिन’ असतो. डिपस्टिकवरचे तेल काळे दिसले म्हणून नाक मुरडण्याचे मात्र कारण नाही. डिझेलमध्ये नवे तेल आठवडाभरातही काळे होते. रेडिएटरचे झाकण इंजिन थंड असतानाच उघडायचे. आत तेलाचा तवंग किंवा गढूळ मळी दिसली तर हेड गॅसकेटवर संशय. कूलंटऐवजी नळाचे पाणी दिसले तर मालकाचा स्वभाव कळला.

पनवेलचा पाऊस आणि खाडीची हवा पत्र्याला सुखाने राहू देत नाहीत. वरचा रंग चकचकीत असतो. गंज दारांच्या खालच्या कडेला, चाकांच्या कमानीत, फूटबोर्डच्या बुडाशी आणि चासीच्या जोडांवर राहतो. डेंटिंग-पेंटिंग करणारे खोल पोचा पत्रा ठोकून पूर्ण सरळ करत बसत नाहीत, वर लांबी, म्हणजे पुट्टी, भरतात, घासतात आणि रंगवतात. ओळखायला एक लहानसा लोहचुंबक पातळ रुमालात गुंडाळून दारावरून, फेंडरवरून, मागच्या क्वार्टर पॅनेलवरून हळू फिरवावा. चांगल्या पत्र्यावर तो ओढ घेतो, लांबीच्या थरावर हात एकदम मोकळा होतो. प्लॅस्टिकच्या बंपरवर तो चिकटणारच नाही, तेवढे लक्षात ठेवावे. एखाद्या दारावर लांबी निघाली तर ती शहरातली घासाघीस समजावी. पुढच्या दोन्ही फेंडरांवर निघाली आणि बोनेटचे बोल्ट पान्याने खरवडलेले दिसले, तर गाडी खालून पाहावी. चासीच्या लांब पट्ट्या सरळ आहेत का, कुठे वेल्डिंगची ताजी रेघ आहे का. शिडीच्या चासीला बाक आला की चाके सरळ रेषेत राहत नाहीत, आणि कितीही अलाइनमेंट केली तरी टायर एका कडेने खातच राहतात. काचांच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत निर्मितीच्या वर्षाची खूण असते. सहा काचा एका वर्षाच्या आणि एक वेगळी, तर तिथे काही तरी आदळलेले असते. टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. ३५१९ म्हणजे २०१९ सालचा पस्तिसावा आठवडा.

पाण्यात गेलेली गाडी हा या पट्ट्यातला खास धोका आहे. २६ जुलै २००५ च्या पुराची आठवण गाढी नदीकाठच्या पनवेलकरांना सांगावी लागत नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात आणि सावित्रीचे महाडमध्ये शिरले. दोन्ही गावे पनवेलहून निघणाऱ्या याच महामार्गावर आहेत. बुडालेली गाडी धुऊन, वाळवून, नवे कार्पेट घालून उभी करता येते, आणि वर्षभर ती चालतेही. मग एकेक सेन्सर, एकेक वायरचा जोड हिरवा पडायला लागतो. संशय असेल तर मागच्या सीटचा पट्टा खेचून पाहावा. रोज वापरात येणारा भाग स्वच्छ निघतो, कारण तो धुतलेला असतो. शेवटपर्यंत, गुंडाळीतला अखेरचा हात बाहेर येईपर्यंत ओढले की पट्ट्यावर आडवी पिवळट रेघ दिसते, आणि तिच्याखाली विणीत अडकलेली बारीक, पिठासारखी माती. ती रेघ म्हणजे पाण्याची पातळी. सीटचे रूळ गंजलेले, हेडलाइटच्या आत धुके, डॅशबोर्डवर नव्या परफ्यूमचा भपका, हे तिचे सोबती.

रस्त्यावर चालवून पाहण्यासाठी पनवेलला लांब जावे लागत नाही. कळंबोली सर्कलची गर्दी आणि कर्नाळ्याची खिंड, दोन्हीत मिळून गाडीचे बरेचसे पोट रिकामे होते. गर्दीत एसी चालू ठेवून तापमानाचा काटा पाहायचा. वेग असताना वाऱ्याने झाकली जाणारी रेडिएटरची आणि पंख्याची दुखणी इथे वर येतात. खिंडीच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर दाबावा. आरपीएम चढले आणि वेग चढला नाही, तर क्लच प्लेट संपली. उताराला गाडी मोकळी सोडल्यावर मागून घूं असा आवाज येत राहिला आणि अॅक्सिलरेटर दाबताच बदलला, तर मागच्या डिफरन्शियलच्या हौसिंगमधला क्राऊन-पिनियन बोलतो आहे. गिअर टाकताना खालून ‘टक्’ झाले तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस. बुश, बॉल जॉइंट, शॉक अॅब्सॉर्बर यांचे आवाज कोणत्याही खड्ड्यात कळतात, आणि मुंबई-गोवा महामार्गाने खड्ड्यांची कमतरता कधी भासू दिलेली नाही. हे सगळे झिजणारे, बदलता येणारे भाग आहेत. त्यांच्यावरून भाव उतरवावा, गाडी नाकारू नये. नाकारण्याची कारणे तीनच: बॅक कॉम्प्रेशन, वाकलेली चासी आणि पाणी.

विकणारा कोण आहे, यावरही बरेच ठरते. थेट मालकाकडून घेतलेली गाडी बहुधा स्वस्त पडते आणि तिच्याबरोबर आठवणी मिळतात. ‘डॉक्टरांची गाडी, फक्त रविवारी निघायची’ हे वाक्य मात्र एजंटाच्या तोंडून आले की त्याची किंमत शून्य. ‘शेठ, एक रुपयाचं काम नाही गाडीला’ हे वाक्यही तसेच. टूरिस्ट परवान्यावर पिवळ्या पाटीने फिरलेली आणि नंतर खासगीत बदललेली गाडी आरसीच्या इतिहासात ओळखू येते. ती वाईटच असते असे नाही, कारण धंद्याची गाडी बंद पडून चालत नाही आणि तिचे तेल वेळेवर बदलले जाते. फक्त तिचा भाव खासगीचा नसावा. दिल्ली पासिंगच्या गाड्याही इकडे येतात. राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१५ च्या आदेशापासून दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर तिकडे टांगती तलवार राहिली, त्यामुळे त्या कमी भावात सुटतात. इथे आणल्यावर ना-हरकत प्रमाणपत्र, महाराष्ट्राचा वाहन कर, नवा नंबर आणि आरटीओच्या फेऱ्या धरल्या की स्वस्ताई बरीच आटते. राज्यातल्या राज्यात नंबर बदलावा लागत नाही. पनवेलचा एमएच-४६, वाशीचा ४३, पेणचा ०६, पुण्याचा १२, कोणताही चालतो.

कागदांत आळस महाग पडतो. आरसीवर बँकेचा बोजा असेल, तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय बयाण्यापलीकडे पैसे देऊ नयेत. आरसीवरचा चासी नंबर आणि चासीवर ठोकलेला नंबर अंगठ्याने धूळ पुसून अक्षर-अक्षर ताडून पाहावा. थकलेली ई-चलाने नंबर टाकताच ऑनलाइन दिसतात, आणि ती कोण भरणार हे व्यवहाराआधी ठरते, नंतर ठरत नाही. हस्तांतरासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५० नुसार राज्यातल्या व्यवहारात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवायचे असते. सह्या केलेले कोरे फॉर्म देऊन मोकळे होण्याची रीत अजून आहे आणि ती विकणाऱ्याच्याच अंगाशी येते. ‘नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार’ या खटल्यात गाडी हातोहात पुढे विकली गेली होती, आरसीवर नाव मात्र पहिल्याच मालकाचे राहिले होते. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्या नावावरच टाकली. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा. जुन्या मालकाचा नो-क्लेम बोनस त्याच्याबरोबर जातो, त्यामुळे फरकाची रक्कम भरावी लागते. नोंदणीची १५ वर्षे संपत आली असतील तर पुनर्नोंदणीचा खर्च आधीच धरावा. मोटारीसाठीचे हे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० वर गेले, आणि त्यावर राज्याचा पर्यावरण कर, फिटनेसपूर्वीची डागडुजी वेगळी.

भाव ठरवताना नव्या गाडीचा आजचा भाव डोळ्यांसमोर असावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, दीड लिटरपर्यंतच्या डिझेल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. बोलेरो २०१६ मध्ये आखूड करून दीड लिटरच्या इंजिनाने आली ती अशाच कर-सवलतीसाठी, आणि या वेळीही ती त्या मापात बसली. नवी स्वस्त झाल्यावर जुनीने जुनाच भाव सांगणे बरोबर नाही, हे विकणाऱ्याला शांतपणे सांगता येते.

पाच लाख जवळ असतील तर चार लाखांचीच गाडी पाहावी. उरलेला एक लाख तिच्यावरच जातो, आणि तो पहिल्या महिन्यात गेला तर बरे. इंजिन ऑइल, गिअर ऑइल, हौसिंगचे तेल, कूलंट, ब्रेक ऑइल ही सगळी द्रव्ये एकदम बदलावीत. यांतल्या दोन-तीन गोष्टी आधीच्या मालकाने गाडी घेतल्यापासून पाहिलेल्या नसतात. सगळे फिल्टर, फॅन बेल्ट, रेडिएटरचे होज, वायपर, आणि वय झाले असेल तर बॅटरी. बेल्टवाल्या इंजिनाचा टायमिंग बेल्ट बिल नसेल तर न विचारता बदलावा, त्याच्यासोबत टेन्शनर आणि वॉटर पंपही. पाच वर्षांपुढचे टायर घाटात नेऊ नयेत. पावसाळ्याआधी गाडी रॅम्पवर चढवून चासीला खालून अँटी-रस्ट मारून घेतात. गंज आधी घासून काढला नसेल, तर तो लेप त्याच्यावर पांघरूण घालतो आणि आत तो सुखाने वाढतो. जुन्या नोंदी मिळालेल्या असोत वा नसोत, ग्लोव्ह बॉक्समध्ये एक साधी वही ठेवावी. पहिल्या ओळीत तारीख, मीटरवरचा आकडा आणि टाकलेल्या तेलाचा ग्रेड.